बाळाच्या डोळ्याचा कर्करोग आणि आमच्या घराचे अकरा महिने

११ जानेवारीच्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने बाळाचा एक फोटो काढला. बाळ तेव्हा सात महिन्यांचे होते, नुकतेच आधाराशिवाय बसू लागले होते आणि तो फोटो आजीला पाठवायचा एवढाच हेतू होता. खोलीत उजेड कमी असल्यामुळे फ्लॅश पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा फोन आला. तिने बसण्याचे कौतुक केले आणि मग जरा थांबून विचारले, "त्याच्या उजव्या डोळ्यात पांढरे काय दिसते आहे गं?" मी फोटो मोठा करून पाहिला. डाव्या डोळ्याची बाहुली फ्लॅशमध्ये दिसते तशी लालसर होती. उजवी पांढरी होती, आतून चकाकल्यासारखी.

त्या दिवशी आम्ही दोघांनी बाळाच्या जन्मापासूनचे सगळे फोटो चाळले. चौथ्या महिन्यातल्या दोन फोटोंत तोच पांढुरका ठिपका होता आणि आम्ही तो पाहिला नव्हता. त्याचा सल अजून गेलेला नाही. एक गोष्ट इथेच सांगून ठेवते: कॅमेऱ्याचा कोन विशिष्ट असेल, तर निरोगी डोळ्यातही असा पांढरा ठिपका उमटू शकतो, त्यामुळे एका फोटोवरून लगेच धीर सोडू नये, पण डोळे तपासून घ्यायलाही उशीर करू नये. आम्ही ते फोटो तारखांसह वेगळे काढून ठेवले, आणि पुढे तज्ज्ञांनी पहिला प्रश्न तोच विचारला की हे केव्हापासून दिसते आहे.

१३ तारखेला बालरोगतज्ज्ञांनी खोली अंधारी करून बाळाच्या डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिले. डाव्या डोळ्यातून लाल परावर्तन आले, उजव्यातून आले नाही. त्यांनी रोगाचे नाव घेतले नाही. पत्रावर ‘तातडीचे’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मोठ्या केंद्रातील नेत्रविभागाला स्वतः फोन लावला. तारीख १६ ची मिळाली. मधले तीन दिवस मी बाळाच्या डोळ्यांकडे पाहणेच टाळत होते, हे आज लिहिताना जड जाते.

एवढ्या लहान मुलाचा डोळा आतून नीट तपासायचा म्हणजे पूर्ण भूल द्यावी लागते. भूलतज्ज्ञांनी उपाशी ठेवण्याचे नियम कागदावर लिहून दिले: वरचे दूध आणि घन आहार सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी बंद, साधे पाणी त्यानंतरही थोडा वेळ चालेल. म्हणजे पहाटे तीनला उठवून शेवटचे पाजायचे. सकाळी सहाला बाळ जागे होऊन माझ्या कुशीत शिरू लागले तेव्हा कळले की हा नियम पाळायचा, तर मला त्याच्यापासून लांब राहावे लागेल. माझ्या अंगाला दुधाचा वास होता. त्या दिवसापासून प्रत्येक तपासणीच्या सकाळी बाळ बाबांच्या खांद्यावर आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अशी आमची पद्धत पडली.

तपासणीला दोन तास लागले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी दोन वर्तुळे छापलेला कागद समोर ठेवला. एकेक वर्तुळ म्हणजे एकेका डोळ्याचा पडदा, आणि त्यांत त्यांनी रंगीत पेन्सिलींनी गाठी काढल्या होत्या. उजवे वर्तुळ जवळजवळ भरलेले होते. डाव्या वर्तुळात दोन लहान गोल होते. रोगाचे नाव रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. दर १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत लक्षात येतो. डोळ्यांच्या वर्गवारीत ए (सर्वांत सौम्य) ते ई (सर्वांत गंभीर) असे गट असतात. उजवा डोळा ई गटात होता, डावा बी गटात. मी विचारले की तुकडा काढून खात्री करून घेता येणार नाही का. डॉक्टर म्हणाले, "या आजारात डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत. त्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पडू शकतात. निदान पाहूनच करतात आणि ते खात्रीचे असते." मला वाटते, त्या एका वाक्याने आमचे पुढचे कित्येक दिवस वाचले, नाही तर दुसरे मत, तिसरे मत अशा धावपळीत आम्ही वेळ घालवला असता.

रुग्णालयातील बाकावर बसूनच मी मोठ्या मुलीच्या शाळेची एक कोरी वही उघडली. ती योगायोगाने पिशवीत होती. डाव्या पानावर डॉक्टर काय म्हणाले ते आणि उजव्या पानावर आमचे प्रश्न, अशी सुरुवात झाली. पुढे तीत वजन, ताप, रक्ताचे आकडे, औषधांच्या वेळा, विमा कंपनीच्या फोनवर कोणाशी किती वाजता बोलणे झाले हे सगळे येत गेले. हा मजकूरही त्या वहीतूनच लिहीत आहे, कारण आठवणींवर भिस्त ठेवली, तर अर्ध्या तारखा चुकतील.

२० जानेवारीला एमआरआय झाला. सीटी स्कॅन मुद्दाम टाळला होता. दोन्ही डोळ्यांत गाठी असणे म्हणजे दोष जन्मतःच प्रत्येक पेशीत असणे, आणि अशा मुलांना किरणोत्सर्गामुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, म्हणून शक्य तिथे एमआरआयच करतात. अहवालाला चार दिवस लागले. डोळ्यामागची नस मोकळी दिसत होती, मेंदूत काही नव्हते. उजव्या डोळ्यातील दृष्टी मात्र गेलेली होती आणि तो डोळा ठेवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली २६ जानेवारी.

संमतिपत्रावर ‘उजवा डोळा काढून टाकणे’ हे शब्द नवऱ्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागले. तो ‘उजवा’ लिहून थांबला आणि मला म्हणाला, "तू एकदा वाच." मी वाचले. परिचारिकेने वाचले. मग शस्त्रक्रियेच्या सकाळी शल्यचिकित्सकांनी आमच्यादेखत बाळाच्या कपाळावर उजव्या भुवईच्या वर एक बाण काढला आणि आमच्याकडून पुन्हा डोळ्याची बाजू वदवून घेतली. बाळाला पेनचा थंड स्पर्श आवडला असावा. ते हसले आणि पेन धरायला हात पुढे केला. तो बाण नंतर चार दिवस पुसट होत होत गेला. अंघोळ घालताना मी ती जागा चोळली नाही.

ज्यांना हे पुढे करायचे आहे, त्यांना सांगते: शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या आधीचे दिवस भयंकर असतात. डोळ्याच्या जागी आत एक गोल रोपण बसवतात आणि त्याला डोळ्याचे स्नायू जोडतात. वरून पापण्यांच्या आत पारदर्शक कवच ठेवतात, जेणेकरून पापणीचा आकार टिकावा. पट्टी निघाल्यावर आम्हाला जे दिसेल असे वाटले होते, तसे काही नव्हते. आतला भाग ओठाच्या आतल्या बाजूसारखा गुलाबी होता. दुसऱ्या दिवशी बाळ बसून खेळत होते.

काढलेल्या डोळ्याचा अहवाल यायला अकरा दिवस लागले. रोग डोळ्याबाहेर गेला नव्हता. डाव्या डोळ्यातील गाठींसाठी मात्र केमोथेरपीचे सहा डोस ठरले: व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन ही तीन औषधे, दोन दिवस रुग्णालयात, मग सुमारे चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि प्रत्येक डोसाच्या आसपास भूल देऊन तपासणी व लेसर. छातीत त्वचेखाली पोर्ट, म्हणजे शिरेला जोडलेली औषध देण्याची छोटी डबी, बसवला; त्यामुळे दर वेळी हाताच्या शिरा शोधाव्या लागत नाहीत. पोर्टवर सुई टोचण्याच्या तासभर आधी बधिर करणारे मलम लावायचे असते. ते घरूनच लावून निघावे, नाही तर वॉर्डात तो एक तास वाढतो. केमोपूर्वी श्रवणचाचणी आणि मूत्रपिंडाची तपासणी झाली, कारण कार्बोप्लॅटिनने ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो. ही चाचणी आधी झाली आहे ना, हे आईवडिलांनी स्वतः विचारावे. आधीचा अहवाल नसेल, तर नंतरच्या अहवालाची तुलना कशाशी करणार?

पहिला डोस १३ फेब्रुवारीला सुरू झाला. बाळाचे वजन तेव्हा ८ किलो १०० ग्रॅम होते आणि औषधाचे प्रमाण किलोनुसार काढलेले होते, म्हणून प्रत्येक भेटीत पहिले काम वजनाचे. मला वाटले होते की औषध चालू असताना बाळ रडेल. ते माझ्या मांडीवर झोपले. त्रास नंतर सुरू झाला: तिसऱ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवसापासून बद्धकोष्ठता, जी व्हिन्क्रिस्टिनने होते आणि जिच्यासाठी गुदद्वारातून काहीही द्यायचे नसते, तोंडावाटे औषध सुरू करायचे असते. ताप मोजायलाही गुदद्वारात थर्मामीटर लावायचा नाही. केमोनंतर दोन दिवस लंगोट बदलताना हातमोजे घालायचे आणि लंगोट वेगळ्या पिशवीत बांधून टाकायचा, कारण औषध लघवीतून आणि शीतून बाहेर पडत असते. बाळाला हाताळताना आईने हातमोजे घालावेत ही गोष्ट मनाला लागते. मी पहिल्या दिवशी एकच हातमोजा घातला आणि दुसऱ्या उघड्या हाताने त्याचे पोट धरून ठेवले. परिचारिकेने ते पाहिले आणि न रागावता दुसरा हातमोजा पुढे केला.

आमची मोठी मुलगी सहा वर्षांची. तिला काय सांगायचे यावर घरात मतभेद होते. आजीचे म्हणणे होते की बाळ आजारी आहे एवढेच सांगा. रुग्णालयातील समुपदेशक बाईंनी मात्र स्पष्ट सांगितले की रोगाचे खरे नाव सांगा, नाही तर ती ते दुसऱ्या कोणाकडून ऐकेल आणि तुम्ही लपवले हेही तिला कळेल. त्यांनी तीन गोष्टी सांगायला सांगितल्या: हे कोणाच्या चुकीमुळे झालेले नाही, हे एकाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि आम्ही रुग्णालयात असू तेव्हा तुझ्याजवळ कोण असेल. आम्ही तसेच सांगितले. तिने ऐकून घेतले, विचारले काही नाही. तीन आठवड्यांनी, दिवे मालवल्यावर, अंधारात ती म्हणाली, "आई, माझ्या सशाचा कान त्याच्या डोळ्यात गेला होता." डिसेंबरमध्ये खेळताना तिच्या कापडी सशाचा कान बाळाच्या तोंडावर लागला होता आणि ते रडले होते. तेव्हापासून ससा कपाटाच्या तळाशी कपड्यांखाली होता आणि तीन आठवडे ती रोज पोट दुखते म्हणून शाळेत रडत होती. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडेच नेले. त्यांनी तिला ती रंगीत वर्तुळे दाखवली आणि सांगितले की ही गाठ बाळ आईच्या पोटात होते तेव्हाच सुरू झाली असणार, सशाचा काही संबंध नाही. आमच्या सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या सांगण्याचा तिला अधिक भरवसा वाटला. घरात दुसरे मूल असेल, तर ‘कोणाची चूक नाही’ हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावे लागते, हे मी तेव्हा शिकले.

दुसरा डोस १३ मार्चला झाला. वहीत २४ मार्चच्या पानावर लिहिले आहे: रात्री १.४०, ताप ३८.३. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, आणि त्या काळात ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप म्हणजे वाट न पाहता रुग्णालयात जायचे, हा नियम आम्हाला पाठ होता. तापाचे औषध आधी द्यायचे नाही, कारण ताप उतरला तरी जंतुसंसर्ग तसाच राहतो. केंद्र लांब होते म्हणून आम्ही जवळच्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात गेलो. तिथल्या खिडकीवर आम्हाला रांगेत बसायला सांगितले. केमोथेरपी चालू आहे हे मी दोनदा सांगितले, पण बाळ हसतखेळत दिसत होते. प्रतिजैविक पहिल्या तासाभरात सुरू व्हायला हवे असते आणि आमची पन्नास मिनिटे बाकावरच गेली. शेवटी नवऱ्याने केंद्राने दिलेले सूचनापत्र थेट ड्युटीवरील डॉक्टरांच्या हातात दिले आणि त्यानंतर दहा मिनिटांत सगळे सुरू झाले. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी १४० होत्या. ५०० च्या खालीच त्या गंभीर समजतात. सहा दिवस दाखल राहावे लागले. त्यानंतर आम्ही कधीही आधी फोन केल्याशिवाय निघालो नाही: केंद्राला फोन, केंद्राकडून जवळच्या रुग्णालयाला फोन, मग आम्ही. सूचनापत्राच्या चार प्रती काढल्या आणि एकेक प्रत प्रत्येक पिशवीत, एक आजीकडे ठेवली. दाराजवळ भरलेली पिशवी नोव्हेंबरपर्यंत तशीच होती.

तेव्हापासून घराचे वेळापत्रक रक्ताच्या अहवालावर चालू लागले. काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, वर असले की बहिणीला घेऊन बाहेर फिरायला जायचे, खाली असले की दार बंद. पुढचा डोस द्यायला आमच्या केंद्रात न्यूट्रोफिल १००० च्या वर आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर लागत. तिसऱ्या डोसाला आम्ही सगळी तयारी करून गेलो, मोठीला आजीकडे सोडले, नवऱ्याने रजा घेतली आणि सकाळी अकराला कळले की प्लेटलेट ६२ हजार आहेत, आठवड्याने या. एक आठवडा बाळ घरी राहणार याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र उशिराची भीती वाटली. त्यानंतर आम्ही रक्ततपासणी आदल्या दिवशी करून घेऊ लागलो, म्हणजे रजा आणि प्रवास वाया जात नाही. हा आठवडाभराचा उशीर सर्वसाधारण असतो, तो डॉक्टरांनी गृहीत धरलेला असतो, हे कोणी आधी सांगितले असते, तर मी त्या रात्री झोपले असते.

खर्चाबद्दल लोक उपचाराचाच विचार करतात. उपचाराचा मोठा भाग विम्यातून गेला. घर पोखरले ते इतर गोष्टींनी: येण्याजाण्याचा खर्च, केंद्राजवळच्या मुक्कामाचे भाडे, हातमोजे आणि जंतुनाशके, आणि सर्वांत जास्त माझी बिनपगारी रजा. मी सहा महिने पूर्ण रजेवर होते. अर्जासोबत नुसते आजाराचे प्रमाणपत्र जोडू नये, उपचारांचा आराखडा आणि अंदाजे शेवटची तारीख लिहिलेले डॉक्टरांचे पत्र जोडावे. त्याने दर महिन्याचा अर्ज टळतो. विम्याचेही तसेच. पहिल्या दोन डोसांना स्वतंत्र पूर्वमंजुरी घेतली आणि दोन्ही वेळा मंजुरी येईपर्यंत दुपार झाली. मग सहाही डोसांचा एकत्र आराखडा लिहून घेतला आणि पुढचे चार एकाच मंजुरीत बसले.

कृत्रिम डोळ्याचा दावा मात्र ‘सौंदर्योपचार’ म्हणून फेटाळला गेला. ते पत्र मी उभ्या उभ्या वाचले आणि खाली बसले. शल्यचिकित्सकांनी लिहून दिले की वाढत्या वयात खोबणीत योग्य आकाराचा डोळा नसेल, तर पापण्या आत ओढल्या जातात आणि चेहऱ्याची ती बाजू नीट वाढत नाही. ते पत्र, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि नकाराची प्रत जोडून फेरविचाराचा अर्ज केला. सात आठवड्यांनी दावा मंजूर झाला. नकाराचे पत्र फाडू नका, त्यावरील क्रमांकाशिवाय फेरविचार होत नाही.

तो डोळा एप्रिलच्या ९ तारखेला बसला. नेत्रकारागिराने दोन भेटींत खोबणीचा साचा घेतला आणि तिसऱ्या भेटीत बाळाला खिडकीजवळ धरायला सांगून डाव्या डोळ्याकडे पाहत बुबुळाचे रंग भरले. तपकिरीत त्याने एक अगदी बारीक पिवळसर कडा ओढली. ती कडा बाळाच्या खऱ्या डोळ्यात आहे हे मला आईला ठाऊक नव्हते. डोळा काढणे आणि बसवणे आम्हाला तिथेच तीन वेळा करायला लावले. माझे हात थरथरत होते. नवऱ्याला पहिल्याच वेळी जमले. पुढे बाळ तो स्वतः चोळून काढू लागले, म्हणून घराबाहेर जाताना पिशवीत छोटी डबी, मऊ कापड आणि निर्जंतुक सलाईनची कुपी ठेवतो.

आमच्या दोघांतील भांडणांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ते कोणी सांगत नाही. सगळी औषधे, वेळा आणि मात्रा मलाच ठाऊक होत्या आणि त्याचा मला आत कुठेतरी आधार वाटत होता. नवऱ्याने काही केले, तर मी ते पुन्हा तपासत असे. एप्रिलच्या शेवटी मला सर्दीताप झाला आणि चार दिवस बाळाजवळ जाण्याची मनाई झाली. मी मुखपट्टी लावून दुसऱ्या खोलीत दूध काढून ठेवत होते आणि दारापलीकडून मात्रा ओरडून सांगत होते. दुसऱ्या रात्री तो दाराशी येऊन म्हणाला, "तू सांगू नकोस. वहीत लिहून दे आणि झोप." मी लिहून दिले. चार दिवसांत एकही मात्रा चुकली नाही. त्यानंतर औषधांचे पान स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागले, रात्री वाटल्या गेल्या आणि मी मोठीला आठवड्यातून एक संध्याकाळ पूर्ण देऊ लागले.

नातेवाइकांचे फोन हा दुसरा भार होता. प्रत्येकाला तेच सांगताना दर वेळी मीच नव्याने मोडत असे. माझ्या भावाने ते काम अंगावर घेतले. आम्ही त्यालाच कळवायचे आणि तो सर्वांना. सर्वांत टोचणारा प्रश्न असे, "तुमच्या घरात कोणाला होते का?" जनुकीय समुपदेशकांनी यावर एक साधी आकृती काढून दिली. आरबी१ नावाचे जनुक पेशींची वाढ आवरते. त्याच्या दोन प्रती असतात आणि गाठ होण्यासाठी दोन्ही बिघडाव्या लागतात. हा विचार आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये याच आजाराच्या अभ्यासातून मांडला. आमच्या बाळात एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली होती. रक्ताचा अहवाल यायला पाच आठवडे लागले: बदल बाळात सापडला, आम्हा दोघांत नाही, मोठीतही नाही. मी आनंदले, आणि लगेच आठवले की बाळ मोठे झाल्यावर त्याच्या प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी असेल. ते त्याला कधी आणि कसे सांगायचे, याचे एक पान वहीत कोरे ठेवले आहे.

मेच्या अखेरीस मोठीच्या वर्गातील एका मुलाला कांजिण्या झाल्या. कांजिण्या केमो चालू असलेल्या मुलासाठी गंभीर ठरू शकतात आणि संपर्क झाला असेल, तर प्रतिबंधक उपचार काही दिवसांच्या आतच द्यावा लागतो. सुदैवाने मोठीच्या दोन्ही लसी झालेल्या होत्या. आम्ही त्याच दिवशी केंद्राला फोन केला, त्यांनी फक्त तीन आठवडे लक्ष ठेवायला सांगितले. हे वेळेवर कळले, कारण फेब्रुवारीतच आम्ही वर्गशिक्षिकेला पत्र देऊन ठेवले होते: वर्गात कांजिण्या किंवा गोवर आल्यास त्याच दिवशी कळवावे. असे पत्र प्रत्येक कुटुंबाने द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

उरलेले डोस मे ते ऑगस्ट यांत झाले; त्यांच्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे फार नाही. केस गेले, पापण्यांचेही गेले. दोनदा प्लेटलेट चढवाव्या लागल्या. बाळ दहाव्या महिन्यात रांगले आणि उजव्या बाजूच्या खुर्च्यांना धडकू लागले, म्हणून आम्ही सामान भिंतीकडे सरकवले. उरलेल्या डोळ्याला इजा होऊ नये म्हणून पॉलिकार्बोनेटचा चष्मा मिळाला. तो डोळ्यांवर टिकायला सहा आठवडे गेले. बहीणही स्वतःचा खोटा चष्मा लावून बसू लागली तेव्हा टिकला. शेवटच्या श्रवणचाचणीत ऐकणे व्यवस्थित निघाले, तरी ती दर वर्षी करायची आहे.

शेवटचा डोस १४ ऑगस्टला झाला. लोकांनी अभिनंदन केले आणि मला घरी येऊन रडू आले. सहा महिने दर आठवड्याला कोणीतरी बाळाला तपासत होते; आता चार आठवडे ते फक्त आमच्या नजरेखाली राहणार होते. सप्टेंबरच्या तपासणीत डाव्या डोळ्याच्या कडेला एक नवा, अगदी लहान ठिपका सापडला. तो तिथल्या तिथे गोठवून नष्ट केला. अशा नव्या गाठी सुरुवातीच्या काळात येऊ शकतात आणि तपासण्या त्यासाठीच असतात, हे मला माहीत होते, तरी त्या दिवशी हातपाय गार पडले. त्यानंतरच्या दोन तपासण्या स्वच्छ आल्या आणि २० नोव्हेंबरला पोर्ट काढला. राहिलेल्या लसी केमो संपून सहा महिने झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीत सुरू होतील.

मोठी आता बाळाला पुस्तक दाखवायला नेहमी वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसते. आम्ही तिला तसे कधी सांगितले नव्हते. ससा कपाटातून बाहेर आला आहे आणि बाळ त्याच कानाला धरून तो ओढत नेते.

पुढची तपासणी १८ डिसेंबरला सकाळी साडेसातला आहे. आईचे दूध साडेतीनपर्यंत चालेल, म्हणून गजर तीनचा लावला आहे.